इंटरव्हल म्हणजे विसावा

मुंबई मॅरेथॉन तोंडावर आली आहे आणि धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पुन्हा तेच गणित फिरू लागलंय: दहा आठशे. 800 मीटर दहा वेळा, दर वेळी 4 मिनिटांत जमले, तर पूर्ण मॅरेथॉन 4 तासांत. बार्ट यासो या अमेरिकी धावपटूच्या नावानं ते ओळखलं जातं. सोपं आहे, म्हणून लाडकं आहे. पण आठवड्याला जेमतेम तीस किलोमीटर धावणाऱ्याला ते भलती आशा लावतं. शिवाय सगळं लक्ष त्या चार मिनिटांवर खिळवतं. दोन आठशेंच्या मधल्या वेळाकडे मग कोण बघतो?

गेल्या मंगळवारी पहाटे नेपियन सी रोडवरच्या प्रियदर्शिनी पार्कातल्या ट्रॅकवर माझे सहा आठशे होते. एक आठशे म्हणजे पहिल्या लेनमधून दोन फेऱ्या. (आठव्या लेनची एक फेरी 400 नव्हे, सुमारे 453 मीटर भरते, तिथं धावून घड्याळावर रुसू नये.) वेळ ठरलेली, 4 मिनिटं 10 सेकंद. मध्ये एक फेरी अगदी सावकाश जॉग. पहिले तीन ठरल्यासारखे झाले. चौथ्याला एक कॉलेजचा मुलगा बाजूनं निघून गेला आणि मी त्याच्या मागे लागलो. 3:52. जॉगची फेरी संपली तरी नाडी 140 च्या खाली येईना.

ही नाडीच खरी गोष्ट सांगते, हे 1930 च्या दशकात जर्मनीत दोघांनी ओळखलं होतं: प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल. धावपटूची नाडी 180 च्या आसपास न्यायची, मग थांबायचं. दीड मिनिटात ती 120 वर उतरली, तर पुढचा पल्ला. नाही उतरली, तर आधीचा पल्ला झेपला नाही, असं समजायचं. हृदय बळकट होतं ते या उतरणीच्या वेळात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ‘इंटरव्हल’ हे नाव धावण्याचं नव्हे, विसाव्याचं! नाटकाच्या मध्यंतराला आपण जो शब्द वापरतो, तोच. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग 1939 साली मिलानमध्ये 800 मीटर 1:46.6 मध्ये धावला. तो विश्वविक्रम 1955 पर्यंत टिकला.

हृदयाबद्दलचा त्यांचा सिद्धांत आजचं शरीरशास्त्र जसाच्या तसा मानत नाही. पण त्यांची शिस्त मला आजही पटते. माझ्या 4:10 च्या वेगानं सलग 4.8 किलोमीटर धावायला सांगा, मी अर्ध्यातच ढेपाळेन. तेच अंतर सहा तुकड्यांत, मध्ये श्वास जागेवर आणत, पूर्ण होतं. स्नायूंना आणि फुप्फुसांना त्या वेगाची जास्त मिनिटं मिळतात, ती विसाव्यामुळेच. तो आखडता घेतला की पुढचे पल्ले घसरतात आणि व्यायामाची नुसती शर्यत होते.

हौशी धावपटूंचं घोडं इथंच अडतं, असं माझं ठाम मत आहे. सकाळी नऊची लोकल गाठायची असते, हातातलं घड्याळ वेगाचे आकडे दाखवत असतं, आणि हळू जॉग करताना कुणी पाहिलं तर कमीपणा वाटतो. म्हणून वेगाचा दिवस पुरता वेगाचा होत नाही, आरामाचा दिवस आरामाचा राहत नाही. दुखरी नडगी मात्र ठरलेली.

मंगळवारी मी आणखी अर्धी फेरी चाललो. नाडी 122 झाली, तेव्हा पाचवा सुरू केला: 4:10. सहावा: 4:09. शर्यतीच्या दिवशी परतीच्या वाटेवर, तीस किलोमीटर पायांत मुरल्यावर, पेडर रोडचा चढ येतो. तिथं कुणीतरी बाजूनं पुढे जाणारच. त्याला जाऊ द्यायचं, ही तालीम ट्रॅकवरच्या त्या जादाच्या अर्ध्या फेरीत झाली आहे.