कथलाचे करडे पुट

मुंबई-गोवा महामार्गाने नागोठणे मागे टाकून सुकेळीची खिंड उतरली की रोहा तालुक्यातले खांब लागते. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा मुलूख. आषाढ-श्रावणात इथे विळीला गंज चढतो, पितळेचे डबे काळवंडतात, तांब्याच्या घागरीच्या काठाला हिरवट डाग पडतात. त्याच फडताळातल्या कल्हई केलेल्या पातेल्यात डोकावून पाहावे. आतला फिकट करडा थर दमट हवेतही शाबूत असतो. हा थर कथलाचा.

कथील म्हणजे टिन. युरोपातल्या जुन्या घरांमधले मग, ताटे आणि मेणबत्त्यांची घरे ज्या प्युटर नावाच्या मिश्रधातूची असत, त्याचा मुख्य घटकही हाच. कथलात थोडे तांबे, अँटिमनी किंवा शिसे मिसळून प्युटर होते. क्वालालंपूरला १८८५ पासून प्युटरचा नावाजलेला कारखाना आहे. मलेशियाच्या सहलीची आठवण म्हणून तिथल्या वस्तू आपल्याकडच्या शोकेसमध्येही दिसतात. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत एखादा जुना मग हौसेने विकत घेतलेला असतो. त्याचा करडेपणा पाहून तो घासायला घ्यावा असे कोणालाही वाटेल. तसे करण्याआधी कथलाचा स्वभाव जाणून घ्यावा.

कोकणाशी या धातूचा संबंध फार जुना आहे. कोलाड-रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे रेवदंडा आणि चौल आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ‘सेमिल्ला’ म्हणून ज्या बंदराचा उल्लेख येतो, ते चौलच मानले जाते. त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे आणि शिशाबरोबर कथीलही आहे.

या धातूची किमया पाहावी ती कल्हईवाल्याच्या भट्टीपाशी. भाता चालू असतो, निखारे फुललेले असतात. पातेले पुरेसे तापले की तो आत नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर उठतो. नवसागर तापल्यावर सुटणारे आम्ल पितळेवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकते आणि धातू उघडा पडतो. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. तांबे वितळायला १०८५ अंश सेल्सियस लागतात, कथलाला अवघे २३२ पुरतात. कांडीचा थेंब होतो, कापसाच्या बोळ्याचा एक फेर मारला की पिवळे पातेले आतून चांदीसारखे होते. आता त्यात ताक ठेवले तरी कळकत नाही. ही कांडी कानाजवळ धरून वाकवली तर करकर असा आवाज येतो. वाकताना आतले स्फटिक जागा बदलतात, त्याचा तो आवाज.

पण हा धातू फार मऊ आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस् मापनात आपले नख साधारण २.५ वर असते आणि शुद्ध कथील १.५ वर. म्हणजे नखही कथलाहून कठीण! वाळूतले क्वार्ट्झ तर ७ वर आहे. प्युटर कथलापेक्षा थोडे कठीण, पण विटेची पूड, राख किंवा तारेची घासणी यांच्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. शिवाय कथलावर तीव्र आम्लाचा परिणाम होतो आणि तीव्र अल्कलीचाही. म्हणून चिंच, लिंबू, आमसूल चालत नाही, तसा धुण्याचा सोडाही चालत नाही. तांब्या-पितळेसाठी आपल्या हाताला बसलेले सगळे उपाय इथे उलटतात.

प्युटरवरचे करडे पुट हे मुख्यतः त्याच्याच ऑक्साइडचे असते. हवेशी हळूहळू संयोग होऊन ते वर्षानुवर्षे जमते आणि खालच्या धातूला झाकून ठेवते. यालाच पॅटिना म्हणतात. कारागिराने तळाशी उमटवलेला ठसा, कडेची कोरलेली बारीक रेघ, हाताळून गुळगुळीत झालेला कान हे सारे त्या वरच्या पातळ थरातच असते. पातेल्याची कल्हई उडाली तर पुन्हा करता येते. जुन्या प्युटरचा वरचा थर गेला की त्याचे वयच पुसले जाते, आणि ते परत चढवता येत नाही.

म्हणून काढायची ती फक्त धूळ आणि चिकटा. आधी मऊ कुंचल्याने कोपऱ्यांतली धूळ झटकावी. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब घालून सुती कापड भिजवावे, पिळावे आणि हलक्या हाताने वस्तू पुसावी. स्वच्छ पाण्याच्या कापडाने साबण काढून टाकावा आणि लगेच कोरडे करावे. सांध्यात पाणी राहू देऊ नये. डिशवॉशर टाळावा. विस्तव तर दूरच ठेवावा, कारण काही प्युटर कथलापेक्षाही कमी तापमानाला वितळते. संग्रहालयांत वापरतात तसे सूक्ष्म-स्फटिकी मेण अगदी पातळ लावले तर दमट हवेपासून आडोसा मिळतो.

ठेवण्याची जागाही पाहावी. नव्या प्लायवुडमधून आणि काही लाकडांतून आम्लयुक्त वाफा सुटतात. शिसे असलेल्या प्युटरला त्या बाधतात. वर्तमानपत्रात गुंडाळण्याऐवजी धुतलेले सुती कापड घ्यावे. जुन्या प्युटरमध्ये शिसे असू शकते, म्हणून त्यातून खाऊ-पिऊ नये. पृष्ठभागावर फोडासारखे उंचवटे दिसले तर ते खरवडू नयेत. असे काम मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणच्या तज्ज्ञांना विचारूनच करावे.

थांबायचे कधी, हे हातातले कापडच सांगते. साबणाच्या पाण्याने पुसताना पहिले कापड मळकट येते, दुसरे कमी, तिसरे जवळजवळ स्वच्छ. मळ संपला, काम संपले. पॉलिश लावून घासत राहिले तर मात्र प्रत्येक कापड काळेच येते. दहावे कापडही काळे, विसावेही काळे. तो काळा रंग मळाचा नसतो. मगाचा धातूच कणाकणाने कापडावर उतरत असतो.