दारी आलेले विद्यापीठ

वृत्तपत्र उघडावे अथवा मोबाईल हाती घ्यावा, एक आश्वासन हल्ली हटकून समोर उभे राहते. घर सोडू नका, नोकरी सोडू नका, तरीही विद्यापीठाची पदवी मिळवा! संगणक आणि डेटा सायन्स, व्यवसाय व्यवस्थापन, समाजकार्य आणि समुपदेशन अशी या पदव्यांची नावे असतात. शेजारी पदवीधराचा झगा घातलेल्या तरुणीचे हसरे छायाचित्र असते आणि तळाशी शुल्काचे सुलभ हप्ते मांडलेले असतात. ही आश्वासने सर्वस्वी खोटी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ती सर्वस्वी खरीही नाहीत. त्यांतील सकस कोणते आणि पोकळ कोणते, हे पारखण्याची वेळ आता शिकते मूल असलेल्या प्रत्येक घरावर आलेली आहे. म्हणूनच या विषयाचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे आम्हाला अगत्याचे वाटते.

घर न सोडता उच्च शिक्षण घेता येणे म्हणजे काय, याचे मोल गोमंतकीयांना निराळे सांगावयास नको. १८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले खरे, पण कला, विज्ञान वा वाणिज्य शाखेची पदवी हवी असेल तर मुक्तीपूर्वी मुंबई, बेळगाव, धारवाड, पुणे यांपैकी एखादे शहर गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्याच्या घरी चार पैसे होते, किंवा मुंबईत ज्याचा मामा वा काका बिऱ्हाड करून होता, तोच शिकला. बाकीच्यांची बुद्धी गावच्या गावात मुरली. मुलींची तर बहुधा उंबरठ्याच्या आतच. १९६१ च्या मुक्तीनंतर, १९६२ मध्ये पणजी आणि मडगाव येथे महाविद्यालये उघडली आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ अस्तित्वात आले. प्रत्येक पावलागणिक विद्या घराच्या जवळ येत गेली. आज ती थेट ओसरीवर येऊन बसू पाहते आहे. ज्यांच्या आधीच्या पिढीने ट्रंक घेऊन आगबोटीचा डेक गाठला, त्यांनी या पाहुणीला दार लावून घ्यावे असे कोण म्हणेल?

मात्र ही पाहुणी वाटते तितकी नवखी नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ पासूनच बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेस बसण्याची मुभा दिली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि १९७१ पासून त्याने टपाल, आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांच्या साहाय्याने अध्यापनास प्रारंभ केला. आपल्याकडे पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबाद येथे निघाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, तर १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. या साऱ्या संस्थांचा अनुभव एकच गोष्ट सांगतो. धडा टपालाने पाठविता येतो, परंतु कसोटी टपालाने घेता येत नाही. म्हणून पोस्टमनने वर्षभर पुस्तके आणून दिली, तरी परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्याला केंद्रावर जावेच लागे. पोस्टमनची जागा आता इंटरनेटने घेतली, एवढ्याने हा नियम बदलत नाही.

नव्या माध्यमाची शक्ती आणि मर्यादा या दोहोंचे दर्शन २०११ मध्येच घडले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकविणाऱ्या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला अभ्यासक्रम सर्वांना विनामूल्य खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदविली. अखेरपर्यंत टिकले ते सुमारे २३ हजार. एका वर्गातून २३ हजार जण तयार व्हावेत हा चमत्कारच होय. परंतु सातांपैकी सहा जण वाटेत गळाले, हेही विसरून चालणार नाही. ज्याला रोज "धडा केलास का रे?" असे विचारणारे कोणी नाही, त्याच्या हाती उत्तमातले उत्तम व्याख्यान दिले तरी ते पडूनच राहते. आपल्याकडे आय.आय.टी. व बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून एन.पी.टी.ई.एल. या उपक्रमाद्वारे आपली व्याख्याने लोकांना उपलब्ध करून दिली, आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ सुरू झाले. विद्येचा तुटवडा आता राहिलेला नाही. तुटवडा आहे तो विचारपूस करणाऱ्याचा आणि कसोटी घेणाऱ्याचा.

या दृष्टीने पाहता तंत्रज्ञान, व्यवसाय आणि मानवसेवा या तिन्ही शाखांना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल.

प्रथम तंत्रज्ञान. संगणकाची आज्ञावली चालते किंवा चालत नाही. तेथे वशिला नाही आणि गोड बोलणेही नाही. हाताच्या कांकणाला आरसा कशाला? म्हणूनच ही विद्या दुरून शिकविण्यास बरीच अनुकूल आहे. आय.आय.टी. मद्रासने २०२० मध्ये प्रोग्रामिंग व डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. त्यासाठी आय.आय.टी.ची सुप्रसिद्ध प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नाही. आधी चार आठवड्यांचे पाठ पुरे करावयाचे, मग पात्रतापरीक्षा द्यावयाची, आणि उत्तीर्ण झाल्यास पुढे जावयाचे. पाठ घरी, पण मुख्य परीक्षा केंद्रावर, पर्यवेक्षकाच्या नजरेखाली! दार रुंद ठेवावे आणि उंबरठा मात्र उंच ठेवावा, असा हा विचार आहे, आणि तो आम्हाला सर्वस्वी मान्य आहे.

परंतु तंत्रज्ञान म्हणजे केवळ संगणक नव्हे. ज्या विद्येला यंत्रशाळा लागते, ती पडद्यावर उतरत नाही. काही अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारा अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या, त्याचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी केला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना नव्याने परीक्षा देण्यास सांगण्यात आले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या तर रद्दच ठरल्या. विचार करा, दहा-बारा वर्षे नोकरी केलेला, संसारात पडलेला मनुष्य एके सकाळी उठतो आणि आपली पदवी पदवीच नव्हती असे त्याला कळते. नियम धाब्यावर बसविले संस्थांनी, पण आयुष्य विस्कटले ते विद्यार्थ्यांचे. आज विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनुसार अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा, शुश्रूषा, औषधनिर्माण इतकेच नव्हे, तर गोव्याच्या तरुणांना जवळचे असणारे हॉटेल व्यवस्थापनही दूरस्थ वा ऑनलाइन पदवीच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे. हे ज्ञान आधी असावे. शुल्क भरल्यावर नव्हे.

दुसरी शाखा व्यवसाय व्यवस्थापनाची. सर्वांत अधिक जाहिराती हिच्याच दिसतात, आणि फसगतीला सर्वांत अधिक वावही येथेच आहे. आमच्या मते, व्यवस्थापनाचे ऑनलाइन शिक्षण त्यालाच खरे लाभते, ज्याच्या गाठीला आधीच काही अनुभव आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वडिलांच्या दुकानावर पाच वर्षे बसलेला मुलगा जेव्हा खेळते भांडवल, साठ्याचा हिशेब, उधारीची मुदत यांचे शास्त्र शिकतो, तेव्हा प्रत्येक धड्यागणिक त्याला आपले दुकान दिसत असते. ज्याने कधी एक वस्तूही विकली नाही, त्याच्या दृष्टीने तेच धडे केवळ शब्दांचे बुडबुडे ठरतात. पदवीने मोठ्या कंपन्यांची दारे आपोआप उघडतील या समजाविषयी तर अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स या नफ्यावर चालणाऱ्या विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या २०१० च्या सुमारास साडेचार लाखांच्या वर गेली होती. नामांकित कंपन्यांशी आपले संधान असल्याचा आभास जाहिरातींतून निर्माण केल्याचा आरोप त्याच्यावर आला, आणि २०१९ मध्ये, आरोप मान्य न करता, १९ कोटी १० लाख डॉलरची तडजोड त्याला करावी लागली. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, हे सातासमुद्रापलीकडेही तितकेच खरे!

तिसरी शाखा मानवसेवेची, म्हणजे समाजकार्य, समुपदेशन, वृद्ध व अपंग यांची शुश्रूषा यांची. आमची खरी चिंता येथे आहे. आज्ञावली चुकली तर यंत्र थांबते. समुपदेशक चुकला तर माणूस खचतो. मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, तिचे रूपांतर पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत झाले. तेव्हापासून या विद्येचा अर्धा भाग वर्गाबाहेर, म्हणजे वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात, अनुभवी कार्यकर्त्याच्या देखरेखीखाली शिकावयाचा असतो, ही परंपरा आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठानेही समाजकार्याच्या आपल्या दूरस्थ पदवीत क्षेत्रकार्य वगळलेले नाही, हे उचितच होय. २०२५ मध्ये अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित काही विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले. हा निर्णय कित्येकांना जाचक वाटला, आणि त्यांचे दुःख आम्ही समजू शकतो. परंतु ज्याची मुले दुबईत वा लंडनमध्ये आहेत आणि जो बार्देशातल्या मोठ्या रिकाम्या घरात एकटा बसून आहे, त्या वृद्धाच्या जागी क्षणभर स्वतःला कल्पून पाहा. त्याच्यापाशी येऊन बसणाऱ्याने याआधी कोणा दुःखिताचा हात एकदा तरी हाती घेतलेला असावा, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?

येथवर आम्ही दोषच दाखविले असे कोणी म्हणेल. तसे नाही. या माध्यमाचे खरे धनी कोण, हे आम्ही जाणतो. पाळीची नोकरी करणारी परिचारिका, किनाऱ्यावरच्या हॉटेलात रात्री अकरापर्यंत राबणारा तरुण, आठ-आठ महिने जहाजावर काढणारा तारवटी, लग्नामुळे शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागलेली गृहिणी, या सर्वांना महाविद्यालयाची घंटा कधीच ऐकू येणार नाही. त्यांच्या हाती मध्यरात्रीही उघडता येणारे पुस्तक आलेले आहे. नियमानुसार मान्यताप्राप्त दूरस्थ वा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून या लोकांच्या कष्टाला कोणी कमी लेखू नये. मात्र बरोबरीचा मान हवा, तर बरोबरीची कसोटीही हवी.

सुज्ञ वाचकांनी शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पहिला, या विद्यापीठाला या अभ्यासक्रमासाठी, या वर्षाकरिता मान्यता आहे काय? आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ती यादी असते, आणि प्रवेशासाठी विद्यार्थ्याला त्याच विभागाचा ओळखक्रमांकही काढावा लागतो. दुसरा, पैसे कोणाच्या खात्यात जाणार? विद्यापीठाच्या की मधल्या दलालाच्या? आपले अभ्यासक्रम मधल्या कंपन्यांच्या हाती सोपविण्यास विद्यापीठांना मुभा नाही, असा इशारा आयोगाने २०२२ च्या जानेवारीतच दिला आहे. तिसरा, परीक्षा कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार? चौथा, प्रात्यक्षिक वा क्षेत्रकार्य कोण करवून घेणार? या चार प्रश्नांची उत्तरे देताना जो चाचरतो, त्याला दारातूनच नमस्कार करावा.

दोन शब्द राज्यकर्त्यांना आणि विद्यापीठालाही. २०२० च्या टाळेबंदीत सांगे-सत्तरीची मुले मोबाईलला रेंज मिळावी म्हणून डोंगरमाथ्यावर जाऊन बसत होती, ते दृश्य आम्ही विसरलेलो नाही. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा आरंभ १८३२ चा. ग्रंथालयांची इतकी जुनी परंपरा असलेल्या या भूमीत प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात रात्री नऊपर्यंत उघडी राहणारी एक खोली, चार संगणक, खात्रीचे इंटरनेट आणि आठवड्यातून दोन दिवस विचारपूस करणारा एक शिक्षक देणे अवघड नाही. समाजकार्य शिकणाऱ्या दूरस्थ विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याची जबाबदारी स्थानिक महाविद्यालयांनी घ्यावी. तसेच भाषेचा प्रश्नही आहे. एन.पी.टी.ई.एल.ने काही अभ्यासक्रम मराठीसह भारतीय भाषांत आणण्यास आरंभ केला आहे. मातृभाषेतून शिकून आलेल्या मुलाला इंग्रजी व्याख्यानापुढे एकटे सोडून आपण मोकळे होऊ शकत नाही.

विद्यापीठ आता दारी आलेले आहे. त्याचे स्वागत जरूर करावे. परंतु दारी येणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करूनच त्याला पाट मांडावयाचा, ही आपल्या घरांची जुनी रीत आहे. ती या पाहुण्याच्या बाबतीतही मोडू नये. पदवीचा कागद घरपोच येईल. ती विद्या मात्र ज्याची त्यालाच, रात्रीचा दिवस करून, मिळवावी लागणार आहे.