प्रगतिपुस्तकातील साखर

सहामाही परीक्षा आटोपून दिवाळीची सुट्टी लागली, की घरोघर प्रगतिपुस्तके उघडली जातात. 'उपक्रमांत आनंदाने भाग घेतो', 'सर्वांशी मिळूनमिसळून वागतो', 'प्रगती समाधानकारक' असे शेरे वाचून आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. परंतु चौथीत गेल्यावरही ज्या मुलाला दुसरीचा धडा धड वाचता येत नाही, त्याच्याही पुस्तकात हेच शेरे असले, तर समाधान मानावे की काळजी करावी?

पूर्वी अशा मुलाच्या वाट्याला 'मठ्ठ', 'आळशी' हीच विशेषणे येत. बुद्धी चांगली असूनही काही मुलांना वाचन, लेखन वा आकडेमोड साधत नाही, हे आता मान्य झाले आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तर २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत अध्ययन अक्षमतेचाही समावेश केला. बोचरे शब्द गेले हे उत्तमच झाले. पण त्यांच्या जागी खरे शब्द येण्याऐवजी पुष्कळदा गुळगुळीत शब्द आले.

२०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हापासून शिक्षक गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदीही लिहितात. विशेष प्रगती, आवड व छंद, आवश्यक सुधारणा असे त्यांचे भाग. कल्पना मोठी चांगली. पण वर्ग भरलेला, कागदपत्रांचा ढीग समोर; मग तयार वाक्ये या हातातून त्या हातात फिरतात आणि 'आवश्यक सुधारणा' या सदरात 'वाचनाचा सराव करावा' एवढेच उरते. शिक्षकांना एकट्यांनाच बोल का लावावा? खरे ऐकताच शाळेशी भांडायला उठणारे पालकही थोडे नाहीत!

या साखरेची किंमत मात्र मूल मोजते. सर्व काही ठीक आहे म्हटल्यावर तपासणी कोण करून घेणार? दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. पण त्यांना अधिकृत प्रमाणपत्र लागते. शिवाय सवलत म्हणजे शिकवणे नव्हे. लहानपणी मिळायला हवी होती ती विशेष शिकवणी हुकली, तर ती वर्षे परत येत नाहीत. आणि मूल स्वतः काही फसत नाही. शेजारचा मुलगा घडाघडा वाचतो, आपण अडखळतो, हे त्याला रोज दिसते. खोटी शाबासकी त्याला एवढेच शिकवते की, मोठ्यांना आपली अडचण कळत नाही.

वरील कायद्याच्या सोळाव्या कलमात अध्ययन अक्षमता लवकरात लवकर हेरावी आणि दिव्यांग विद्यार्थ्याच्या संपादणुकीवर लक्ष ठेवावे, असे सांगितले आहे. मग नोंद कशी असावी? समजा, असे लिहिले: 'जूनमध्ये मिनिटाला १५ शब्द वाचत होता, आता २५ वाचतो, जोडाक्षरांवर अडतो, रोज वीस मिनिटे वेगळा सराव चालू आहे, गोष्ट ऐकून मात्र अचूक सांगतो.' यात टोचणारे काय आहे? कौतुक आहे, उणीव आहे आणि पुढची वाटही आहे.

म्हणून पालकसभेत 'कसा आहे हो आमचा?' असे न विचारता तीन प्रश्न विचारावेत: जूनमध्ये तो कोठे होता, आज कोठे आहे, आणि मधल्या काळात त्याला कोणती मदत मिळाली? उत्तर कडू निघाले, तरी शिक्षकांवर रागावू नये. आपल्या मुलाची खरी काळजी कदाचित त्या उत्तरातच असेल.