भरतीसाठी धावताय आणि नडगी दुखतेय? गोळी घेण्याआधी एका बोटाने दाबून पाहा

पोलिस भरतीची जाहिरात आली की शिरूर, दौंडच्या रस्त्यांवर पहाटेची गर्दी वाढते. दौंडमध्ये राज्य राखीव पोलिस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत. त्यामुळे इथल्या पोरांना एसआरपीएफचं गणित पाठ असतं: मैदानी चाचणीच्या १०० पैकी ५० गुण एकट्या ५ किलोमीटर धावेला. मग पहिल्याच आठवड्यात रोज पाच किलोमीटर सुरू होतात आणि महिनाभरात नडगी धरून बसायची वेळ येते.

असं का होतं?

दम लवकर वाढतो, हाडाला वेळ लागतो. धावण्याचा ताण आला की शरीर हाडाचा जुना भाग आधी काढतं आणि मग तिथे नवा भरतं. काढायला काही आठवडे पुरतात, भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाड कमजोर असतं. नेमकं तेव्हाच आपण अंतर वाढवतो, कारण धाप लागेनाशी झालेली असते. इंजिनीअरिंगमध्ये याला ‘फटीग’ म्हणतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच. हाड मात्र स्वतःला दुरुस्त करतं, उसंत दिली तर.

दुखणं कोणतं, कसं ओळखाल?

नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर तो बहुधा ‘शिन स्प्लिंट’. अंतर निम्म्यावर आणा, वेगाचा सराव थांबवा.

पण दुखणं एका बोटाखाली मावत असेल, चालताना किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तो स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो अनेकदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ ऐकून लगेच ग्राउंडवर पळू नका. भरून यायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. वेदनाशामक गोळी घेऊन धावलात तर तडा वाढत जातो आणि कळतही नाही. मुलींची पाळी अनियमित झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगाच. खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते.

रोज किती वाढवायचं?

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५ हजारांहून अधिक धावपटूंच्या अभ्यासात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी जास्त धोक्याची दिसली. गेल्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त धावू नका. म्हणजे ती ४ किलोमीटर असेल तर आज फार तर ४.४. रविवारी मित्रांच्या नादाने थेट ८ नको.

रांजणगाव एमआयडीसीत रात्रपाळी करून धावणाऱ्यांनी झोप झाली नसेल त्या दिवशी वेग लावू नये. डांबरी रस्त्याची कड उतरती असते, त्यामुळे मातीचं मैदान मिळालं तर उत्तम. ऊसतोडीच्या हंगामात तर अंधारात ट्रॉल्यांच्या रस्त्यावर उतरूच नका.

पुन्हा सुरुवात कधी?

न दुखता ३० मिनिटं भरभर चालता आलं की. आधी १ मिनिट धाव, १ मिनिट चाल, तेही एक दिवस आड.