परिषदेच्या हॉटेलातच उतरावे का?

ठाणे, प्रतिनिधी

परिषदेची नोंदणी झाली की पाठोपाठ प्रश्न येतो, उतरायचे कोठे? १९६२ मध्ये एमआयडीसीचा श्रीगणेशा झाला तो वागळे इस्टेटमध्ये. तेथील कारखान्यांच्या शेजारी आता आयटी पार्क आणि सभागृहे उभी राहिली आहेत. तेथे परिषदेसाठी येणाऱ्या अभियंते, लघुउद्योजक आणि डॉक्टरांपुढेही हाच प्रश्न असतो. आयोजकांच्या पत्रकात मुख्य हॉटेलचा 'सवलतीचा दर' ठळक छापलेला असतो आणि तरीही तो बाहेरच्या साध्या लॉजपेक्षा बराच चढा भासतो.

ही सवलत फुकट मिळत नाही. आयोजक हॉटेलशी करार करून काही खोल्या राखून ठेवतात. त्या बदल्यात सभागृहाचे भाडे कमी होते, क्वचित माफही होते. मात्र ठरलेल्या प्रमाणात खोल्या भरल्या नाहीत, तर करारानुसार फरकाचा भुर्दंड आयोजक संस्थेवर पडू शकतो. मुख्य हॉटेलातच उतरण्याचा आग्रह होतो तो त्यामुळेच. मुदत उलटल्यावर उरलेल्या खोल्या हॉटेलकडे परत जातात आणि त्या दिवसाचा बाजारभाव लागू होतो.

खरी मेख आहे करात. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे, त्यावरील खोलीवर १८ टक्के. म्हणजे ७,५०० रुपयांची खोली ७,८७५ रुपयांना पडते, तर ८,००० रुपयांची ९,४४० रुपयांना. भाड्यातील पाचशेचा फरक बिलात १,५६५ रुपयांवर जातो! ही मर्यादा खोलीला आहे, माणसाला नाही. दोघांनी खोली वाटून घेतली तरी कराचा दर बदलत नाही.

बिलावर जीएसटी क्रमांक घातला की कराचे क्रेडिट मिळते, हा समज अर्धाच खरा आहे. हॉटेल ज्या राज्यात, त्याच राज्याचा कर लागतो. त्यामुळे नाशिकचा नोंदणीकृत उद्योजक ठाण्यातील मुक्कामाच्या कराचे क्रेडिट घेऊ शकतो. केवळ गुजरातेत नोंदणी असलेल्या सुरतच्या व्यापाऱ्याला ते मिळत नाही. डॉक्टरांची वैद्यकीय सेवा जीएसटीमुक्त असल्याने त्यांनाही या क्रेडिटचा उपयोग नाही. त्यात मार्च २०२४ च्या विपणन संहितेने औषध कंपन्यांना वक्त्यांखेरीज अन्य डॉक्टरांचा प्रवास व हॉटेलखर्च उचलण्यास मनाई केली आहे. खिशाला चाट बसू लागल्यावर हा हिशेब त्यांनाही करावा लागतो.

कल्याण-डोंबिवलीच्या प्रतिनिधीला लोकल आहेच. ठाणे स्थानकापुढे रिक्षा किंवा टीएमटीची बस. संध्याकाळी तीन हात नाक्याची कोंडी मात्र गृहीत धरावी. परगावचा पाहुणा असेल आणि रात्रीच्या भोजनानंतरच्या गप्पांतच त्याचे खरे काम होणार असेल, तर जास्तीचे भाडे वसूल होते. अन्यथा खोली राखण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात : छापलेला दर करासह आहे का, आणि खोली रद्द केल्यास पैसे किती दिवस आधीपर्यंत परत मिळतात?