कॉन्फिगरेशन फाईलचे सुरक्षित वाचन व लेखन : पायथॉन भाषेतील ‘कॉन्फिगपार्सर’ लायब्ररीच्या विशेष संदर्भात

सारांश :
कोणत्याही संगणक प्रणालीचे वर्तन ठरविणाऱ्या नोंदी ज्या फाईलमध्ये ठेवल्या जातात तिला कॉन्फिगरेशन फाईल असे म्हणतात. आकाराने लहान असलेल्या या फाईलकडे प्रणाली तयार करताना आणि अध्यापन करताना पुरेसे लक्ष दिले जात नाही. परंतु ती चुकीच्या पद्धतीने वाचली गेल्यास प्रणाली कोणतीही सूचना न देता भलत्याच मूल्यांवर चालू राहते आणि चुकीच्या पद्धतीने लिहिली गेल्यास आधीची माहितीही नष्ट होते. प्रस्तुत लेखात पायथॉन भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील ‘कॉन्फिगपार्सर’ या घटकाच्या आधारे हे धोके आणि त्यांवरील उपाय स्पष्ट केले आहेत.

बीजसंज्ञा : कॉन्फिगरेशन फाईल, पायथॉन, कॉन्फिगपार्सर, अविभाज्य लेखन, माहिती सुरक्षा.

प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या देवघेवीसाठी एक प्रणाली वापरली जाते, असे उदाहरणादाखल गृहीत धरू. डेटाबेस कोणत्या संगणकावर आहे, त्याचा पासवर्ड कोणता, पुस्तक किती दिवसांसाठी द्यावयाचे, विलंबशुल्क आकारावयाचे किंवा नाही, पावतीच्या शिरोभागी महाविद्यालयाचे नाव कसे छापावयाचे या बाबी मूळ आज्ञावलीत लिहून ठेवल्या तर प्रत्येक बदलासाठी आज्ञावलीलाच हात लावावा लागेल. म्हणून त्या एका स्वतंत्र मजकूर फाईलमध्ये ठेवल्या जातात. आज्ञावली आणि तिच्या नोंदी यांची ही फारकत संगणकशास्त्रात उत्तम पद्धत मानली जाते.

या फारकतीमुळे सोय झाली त्याचबरोबर एक जबाबदारीही निर्माण झाली. आज्ञावली तज्ज्ञाकडून तपासली जाते. कॉन्फिगरेशन फाईल मात्र कार्यालयातील कर्मचारी, प्रयोगशाळा सहायक किंवा दुसरी एखादी आज्ञावली यांपैकी कोणीही बदलू शकते. म्हणजेच ही फाईल बाहेरून येणारी माहिती असते आणि बाहेरून येणारी माहिती तपासल्याशिवाय स्वीकारू नये, हा सुरक्षेचा प्राथमिक नियम तिलाही लागू होतो.

लेखाची उद्दिष्टे :
१. कॉन्फिगरेशन फाईलच्या वाचनात व लेखनात संभवणारे धोके समजून घेणे.
२. ते टाळण्यासाठी लायब्ररीने दिलेल्या सुविधांचा परिचय करून देणे.
३. अध्यापनात व प्रकल्प मार्गदर्शनात उपयोगी पडतील अशी सूत्रे मांडणे.

फाईलचे स्वरूप :
कॉन्फिगपार्सर ज्या स्वरूपाची फाईल वाचतो ते ‘आयएनआय’ या नावाने ओळखले जाते. चौकटी कंसात विभागाचे नाव आणि त्याखाली प्रत्येक ओळीवर एक नोंद व तिचे मूल्य, अशी त्याची साधी रचना असते. हा घटक पायथॉन भाषेसोबतच मिळत असल्याने वेगळा बसवावा लागत नाही. रचनेच्या साधेपणातच त्याची मर्यादाही आहे. या फाईलमधील प्रत्येक मूल्य हे केवळ अक्षरांची मालिका असते. संख्या, तारीख किंवा होय-नाही असा प्रकार फाईलला ठाऊक नसतो. तो अर्थ वाचणाऱ्या आज्ञावलीला लावावा लागतो. पुढील अनेक चुकांचे मूळ येथेच आहे.

वाचनातील धोके :

अ) मौन अपयश : कॉन्फिगपार्सरमधील ‘रीड’ या क्रियेला दिलेली फाईल अस्तित्वात नसेल किंवा तिचे वाचन करण्याची परवानगी नसेल, तर ही क्रिया कोणतीही त्रुटी दाखवीत नाही, ती त्या फाईलकडे दुर्लक्ष करून पुढे जाते. यामागे एक विचार आहे. काही नोंदी संपूर्ण संगणकासाठी, काही विशिष्ट वापरकर्त्यासाठी, तर काही चालू फोल्डरसाठी असतात. अशा अनेक संभाव्य फाईलींची यादी देता यावी आणि त्यांतील असतील तेवढ्याच वाचल्या जाव्यात, यासाठी ही योजना आहे. परंतु जेथे एकच फाईल अनिवार्य आहे तेथे ही सोय घातक ठरते. फाईलच्या नावात एका अक्षराची चूक झाली तरी प्रणाली सुरू होते आणि पर्यायी मूल्यांवर चालू लागते. पर्यायी मूल्य चाचणीच्या डेटाबेसचे असेल, तर दिवसभराची देवघेव चाचणीच्या नोंदींत जमा होईल आणि ती उघडकीस येईपर्यंत खरी नोंदवही कोरीच राहील. यावर दोन उपाय आहेत. ‘रीड’ ही क्रिया यशस्वीपणे वाचलेल्या फाईलींची यादी परत देते. ती यादी तपासावी. किंवा फाईल आधी स्वतः उघडून ‘रीड-फाईल’ ही क्रिया वापरावी, म्हणजे फाईल न सापडल्यास त्रुटी तत्काळ समोर येते.

आ) होय-नाही प्रकारची मूल्ये : विलंबशुल्काच्या नोंदीपुढे ‘फॉल्स’ असे लिहिले आहे असे समजा. हे मूल्य अक्षररूपात घेऊन पायथॉनच्या ‘बूल’ या क्रियेला दिल्यास उत्तर ‘ट्रू’ असे मिळते, कारण रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमालिका पायथॉन सत्य मानते. शुल्क बंद केले असे कार्यालय समजते आणि प्रणाली ते आकारीत राहते. यासाठी ‘गेट-बूलियन’ ही स्वतंत्र क्रिया आहे. ती यस-नो, ऑन-ऑफ, ट्रू-फॉल्स आणि १-० या जोड्या ओळखते व अन्य काही आढळल्यास त्रुटी दाखविते. संख्यांसाठी ‘गेट-इंट’ व ‘गेट-फ्लोट’ या क्रिया आहेत. मात्र प्रकार बरोबर असला म्हणजे मूल्य योग्य असतेच असे नाही. पुस्तक देण्याचे दिवस उणे सात असू शकत नाहीत, हे लायब्ररीला कळत नाही. ती तपासणी आज्ञावलीकाराने लिहावी लागते.

इ) टक्के चिन्हाचा विशेष अर्थ : एका नोंदीचे मूल्य दुसऱ्या नोंदीत गुंफता यावे म्हणून कॉन्फिगपार्सर टक्के चिन्हाला विशेष अर्थ देतो. त्यामुळे पासवर्डमध्ये हे चिन्ह आल्यास बहुधा ती नोंद वाचतानाच त्रुटी येते. पासवर्ड बदलेपर्यंत सुरळीत चाललेली प्रणाली बदलल्यानंतर बंद पडते आणि कारण मात्र सहजासहजी लक्षात येत नाही. गुंफणीची गरज नसेल तर पार्सर तयार करतानाच ‘इंटरपोलेशन’ ही सुविधा बंद करावी. ती ठेवावयाची असल्यास मूल्यातील टक्के चिन्ह दोनदा लिहावे.

ई) लिपी-संकेतन : पावतीवरील महाविद्यालयाचे नाव देवनागरीत असल्यास हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. संकेतन नमूद केले नाही तर पायथॉन आजवर संगणकाच्या स्थानिक मांडणीनुसार ते ठरवीत आला आहे. लिनक्सवर ते सामान्यतः यूटीएफ-८ असते, तर विंडोजवर अनेकदा पश्चिम युरोपीय लिपींसाठीचे १२५२ हे संकेतन असते. परिणामी एका संगणकावर शुद्ध दिसणारे नाव दुसऱ्यावर अनाकलनीय चिन्हांत रूपांतरित होते किंवा त्रुटी येते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक मूळ चिन्ह ३ बाइट व्यापते. १२५२ संकेतन त्या प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर समजते. म्हणून वाचताना व लिहितानाही यूटीएफ-८ हे स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक आहे. पायथॉनच्या ३.१५ आवृत्तीपासून यूटीएफ-८ हेच मूलभूत संकेतन करण्याचे ठरले आहे. तथापि प्रयोगशाळांमध्ये जुन्या आवृत्त्या दीर्घकाळ वापरात राहतात, ही बाब ध्यानात ठेवली पाहिजे.

उ) माहितीऐवजी आज्ञा : वरील धोके चुकीतून उद्भवतात, हा धोका हेतुपुरस्सर घातपाताचा आहे. काही फाईल-स्वरूपांत साध्या मूल्यांखेरीज भाषेतील वस्तू निर्माण करण्याच्या सूचनाही लिहिता येतात. यामल स्वरूप वाचणारी ‘पायवायएएमएल’ ही लायब्ररी याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तिच्यातील ‘लोड’ ही क्रिया पूर्वी फाईलमधील अशा सूचना अमलात आणीत असे. त्यामुळे फाईल बदलू शकणारी व्यक्ती त्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवू शकत असे. २०१९ मधील ५.१ आवृत्तीत या वापराविषयी इशारा देण्यास प्रारंभ झाला आणि २०२१ मधील ६.० आवृत्तीपासून वाचक कोणता हे सांगणे सक्तीचे झाले. या लायब्ररीत ‘सेफ-लोड’ हीच क्रिया वापरावी. याउलट आयएनआय, जेसन व टॉमल ही स्वरूपे केवळ माहिती वाहून नेतात, म्हणून या दृष्टीने ती अधिक निर्धोक आहेत. टॉमलच्या वाचनासाठी ‘टॉमललिब’ हा घटक पायथॉनच्या ३.११ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, प्रमाण लायब्ररीत समाविष्ट आहे. तो केवळ वाचनापुरता आहे. ‘पिकल’ हे पायथॉनचे स्वरूप किंवा ‘इव्हॅल’ ही क्रिया कॉन्फिगरेशन वाचण्यासाठी कधीही वापरू नये.

लेखनातील धोके :

अ) फाईल उघडताच रिक्त होणे : लेखनासाठी फाईल उघडण्याची नेहमीची पद्धत अशी की ती उघडताक्षणीच जुना मजकूर पुसला जातो आणि नंतर नवा मजकूर लिहिला जातो. या दोन क्षणांच्या दरम्यान वीज गेली, डिस्क भरली किंवा आज्ञावली बंद पडली तर जुनी फाईल राहत नाही आणि नवीही तयार होत नाही. वर उल्लेखिलेली संकेतनाची त्रुटी येथे अधिक गंभीर रूप धारण करते. १२५२ संकेतनात देवनागरी नाव लिहिण्याचा प्रयत्न होताच त्रुटी येते. पण तोपर्यंत जुना मजकूर पुसला गेलेला असतो आणि फाईल त्या नावापर्यंतच अर्धवट लिहिलेली राहते.

ही भीती काल्पनिक नाही. लिनक्सची ‘एक्स्ट-४’ ही फाईल प्रणाली प्रचारात आल्यानंतर २००९ मध्ये काही वापरकर्त्यांना असे आढळले की संगणक अचानक बंद पडल्यावर त्यांच्या कॉन्फिगरेशन फाईली शून्य बाइटच्या झाल्या आहेत. ही प्रणाली डिस्कवरील जागेचे वाटप लांबणीवर टाकून वेग साधत होती. त्यामुळे मजकूर डिस्कवर पोहोचण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागत होता. एक्स्ट-४ चे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांनी अशी भूमिका मांडली की मजकूर डिस्कवर पोहोचल्याची खात्री हवी असल्यास आज्ञावलीने ‘एफसिंक’ ही क्रिया केली पाहिजे. त्याच वर्षी लिनक्सच्या २.६.३० आवृत्तीत हा धोका कमी करणाऱ्या सुधारणाही समाविष्ट झाल्या. ‘लिहिले’ आणि ‘डिस्कवर पोहोचले’ या दोन वेगळ्या घटना आहेत, हा या प्रसंगाचा धडा होय.

आ) अविभाज्य लेखनाची पद्धत : यावरील सर्वमान्य उपाय पुढील पायऱ्यांनी साध्य होतो. प्रथम मूळ फाईलच्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाईल तयार करावी. तीत संपूर्ण मजकूर लिहावा. ‘फ्लश’ क्रियेने तो आज्ञावलीच्या साठ्यातून बाहेर काढावा व ‘एफसिंक’ क्रियेने डिस्कवर पोहोचवावा. ती फाईल पुन्हा वाचून मजकूर बरोबर असल्याची खात्री करावी. शेवटी ‘रिप्लेस’ या क्रियेने तिला मूळ फाईलचे नाव द्यावे. लिनक्ससारख्या प्रणालींत नाव बदलण्याची ही क्रिया अविभाज्य असते. वाचणाऱ्याला एक तर संपूर्ण जुनी किंवा संपूर्ण नवी फाईल दिसते, मधली अवस्था दिसत नाही. तात्पुरती फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवण्याचे कारण असे की एका डिस्क-विभागातून दुसऱ्यात केवळ नाव बदलून फाईल नेता येत नाही. ‘रिप्लेस’ ही क्रिया पायथॉनच्या ३.३ आवृत्तीपासून उपलब्ध असून ती विंडोजवरही अस्तित्वात असलेल्या फाईलची जागा घेऊ शकते.

इ) परवानग्या : नाव बदलल्यावर परवानग्या नव्या फाईलच्या लागू होतात, जुन्या फाईलच्या नव्हे. तात्पुरती फाईल साध्या पद्धतीने तयार केल्यास ती अनेकदा त्या संगणकावरील सर्वांना वाचता येते आणि पासवर्ड उघडा पडतो. ‘टेम्पफाईल’ या घटकाने केल्यास ती फक्त तयार करणाऱ्यालाच वाचता येते. मग पूर्वी तीच फाईल वाचणाऱ्या दुसऱ्या सेवेला ती दिसेनाशी होते. म्हणून नाव बदलण्यापूर्वी मूळ फाईलच्या परवानग्या नव्या फाईलला लावाव्यात.

ई) एकाच वेळी दोन लेखक : अविभाज्य लेखनामुळे अर्धवट फाईल टळते, परंतु दोन आज्ञावल्यांनी एकच जुनी फाईल वाचून आपापले बदल लिहिले, तर नंतर लिहिणाऱ्याचे बदल राहतात व आधीच्याचे नाहीसे होतात. यासाठी वाचनापूर्वीच कुलूप घ्यावे लागते. हे कुलूप स्वतंत्र फाईलवर असावे, कारण मूळ फाईल बदलली जाताच तिच्यावरील कुलूप निरर्थक ठरते.

उ) टिपा व मांडणी नष्ट होणे : कॉन्फिगपार्सरने वाचून पुन्हा लिहिलेल्या फाईलमध्ये मूळ टिपा राहत नाहीत आणि नोंदींची नावे लहान लिपीत रूपांतरित होतात. ‘हे मूल्य परीक्षेच्या काळात बदलू नये’ अशी कर्मचाऱ्याने लिहिलेली टीप पहिल्याच लेखनात नाहीशी होते. म्हणून माणसाने लिहावयाची फाईल आणि आज्ञावलीने लिहावयाची फाईल वेगळ्या ठेवणे इष्ट. पुन्हा अचूक वाचता येणार नाही असा मजकूर लिहिला जात असल्यास त्रुटी दाखविण्याची व्यवस्था पायथॉनच्या ३.१४ आवृत्तीत, म्हणजे २०२५ मध्ये, झाली आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार :
विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत फाईल हाताळणी बहुधा ‘उघडा, लिहा, बंद करा’ या तीन पायऱ्यांत शिकविली जाते. प्रात्यक्षिकात वीज जात नाही, डिस्क भरत नाही आणि दुसरा वापरकर्ता नसतो. त्यामुळे सदोष पद्धतही पूर्ण गुण मिळवून जाते. यावर सोपा उपाय म्हणजे मूल्यमापनात अपयशाची चाचणी समाविष्ट करणे. फाईलचे नाव बदलावे, वाचनाची परवानगी काढावी, पासवर्डमध्ये टक्के चिन्ह घालावे, नाव देवनागरीत लिहावे आणि लेखन चालू असतानाच आज्ञावली बंद करावी. या पाच चाचण्यांसाठी कोणतेही विशेष साधन लागत नाही.

निष्कर्ष :
१. अनिवार्य फाईल न सापडल्यास प्रणालीने थांबले पाहिजे. मौनाने पुढे जाणे हे अपयशापेक्षाही हानिकारक आहे.
२. प्रत्येक मूल्याचा प्रकार व मर्यादा वाचतानाच तपासाव्यात आणि संकेतन स्पष्टपणे नमूद करावे.
३. कॉन्फिगरेशनसाठी केवळ माहिती वाहून नेणारे स्वरूप किंवा सुरक्षित वाचक निवडावा.
४. मूळ फाईलवर थेट लेखन न करता तात्पुरती फाईल, एफसिंक व रिप्लेस या क्रमाने लेखन करावे. परवानग्या व कुलूप यांकडे दुर्लक्ष करू नये.
५. लायब्ररी साधने पुरविते, निर्णय घेत नाही. कोणते अपयश सहन करावयाचे आणि कोणते नाही, हे ठरविण्याची जबाबदारी आज्ञावलीकाराची आणि त्याला घडविणाऱ्या शिक्षकाचीच राहते.