स्थलांतरितांचं शहर (भाग ५) : आपली मोजणी आपणच

बेंगळुरूला माणसं कोणत्या वाटांनी येतात, ते मागच्या भागात पाहिलं. आता प्रश्न असा, की त्यांचं इथलं जगणं नोंदवायचं कुणी?

जानेवारी २०२० मध्ये बेळ्ळंदूरजवळच्या करियम्मन अग्रहारातली शेडची वस्ती पाडली गेली. तिथे बेकायदा बांगलादेशी राहतात, असं कारण सांगण्यात आलं. प्रत्यक्षात तिथे आसाम, त्रिपुरा, बंगालची आणि खुद्द उत्तर कर्नाटकातली कुटुंबं होती. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र दाखवत ती मोडलेल्या पत्र्यांपाशी उभी होती. उच्च न्यायालयाने पाडकाम थांबवलं, पण तोवर अनेकांची घरं गेली होती. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे जीव वाचवून आलेला परदेशी निर्वासित आणि पोटासाठी आलेला कलबुर्गीचा मजूर, दोघांनाही संशयाची झळ बसते.

अशा वेळी वस्तीने स्वतः केलेली नोंद कामी येते. बाहेरून आलेला सर्वेक्षक दुपारी फिरतो, तेव्हा बायका अपार्टमेंटमध्ये धुण्याभांड्याला आणि पुरुष बांधकामावर गेलेले असतात. निम्म्या शेडना कुलूप असतं. वस्तीतलीच बाई वही घेऊन बसली, तर ती पाणी भरायच्या वेळी बसते, कारण तेव्हा सगळ्या भेटतात. भाडं कोण नेतो, पावती देतो का, मुकादमाकडे किती मजुरी अडकली आहे, हे ती आधी विचारते. या उत्तरांतूनच पुढे हक्काचा पुरावा उभा राहतो.

मुंबईने हे करून दाखवलं आहे. १९८५ मध्ये भायखळा परिसरातल्या फुटपाथवासीयांची मोजणी 'स्पार्क' संस्थेने त्यांनाच सोबत घेऊन केली. सुमारे सहा हजार कुटुंबांची नोंद झाली आणि त्यातूनच पुढे बायकांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. झोपडपट्टीवासीयांच्या चळवळीचे नेते जॉकिन अर्पुथम हे स्वतः कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावातून मुंबईत आलेले.

२०२० च्या टाळेबंदीत 'स्वान' या स्वयंसेवकांच्या जाळ्याकडे देशभरातून अडकलेल्या मजुरांचे फोन येऊ लागले. एकत्र अडकलेल्या मजुरांच्या गटातला एक जण सगळ्यांची हकिगत सांगे. एप्रिलमधल्या पहिल्याच अहवालात ११,१५९ मजुरांची स्थिती नोंदली गेली. त्यांतल्या निम्म्यांकडे एक दिवसही पुरेल इतका शिधा नव्हता. मदत मागताना दिलेली माहितीच सरकारपुढे ठेवायचा पुरावा झाली.

मात्र एक पथ्य पाळायलाच हवं. निर्वासिताचं नाव आणि पत्ता चुकीच्या हाती पडला, तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून वही वस्तीच्याच ताब्यात राहावी आणि त्यातलं काय बाहेर द्यायचं, हे वस्तीनेच ठरवावं. महापालिकेनेही अशा नोंदी पुरावा म्हणून स्वीकारायला हव्यात. मोजणीचा हक्क मिळाला, तरच या माणसांना शहराच्या नियोजनात जागा मागता येईल.

(पुढील भागात : बिनपावतीचं भाडं)